चटका न बसणारा हात

आई, तू गेलीस तेव्हा मी नववीतून शाळा सोडून हायवेवरच्या टपरीत ग्लास विसळत होतो. माझं अक्षर तेव्हा होतं तसंच आहे, चालवून घे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे. तू असतीस तर हे फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर सांगायला तू नाहीस, आणि गेले काही महिने हे डोक्यात असं फिरतंय की कुठंतरी उतरवल्याशिवाय मला धड जेवण जात नाही. तुझ्या हाताबद्दल आहे. तुझ्या उजव्या हाताबद्दल, ज्याला चटका बसत नव्हता.

मी नेदरलँड्समध्ये आहे, आइंडहोव्हन नावाच्या गावात. तुझी सून इथं चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तू तिला पाहिलं नाहीस. सोलापूरला मी हॉस्टेलवर डबे पोचवायचो, त्यातला एक तिचा. आमटीत मीठ कमी म्हणून ती माझ्याशी भांडली आणि मग भांडतच राहिली. आता तिच्या व्हिसावर, तिचा नवरा म्हणून मी इथं राहतो. बाकीच्या घरांत बायका नवऱ्यामागून आल्या, मी बायकोमागून आलो. गोदामात टिकलो नाही, हॉटेलच्या भांड्यांवर टिकलो नाही. तू म्हणायचीस ना, "मुडद्या, पायाला भिंगरी लावून जन्मलास का? एका जागी बूड टेक की!" तर त्या भिंगरीचा इथं पगार मिळतो, आई. एका छोट्या कंपनीत मला चालायचं काम आहे. खोटं नाही सांगत. मोठा रिकामा हॉल, जमिनीवर रंगीत पट्ट्या. लांबून जवळ चालायचं, जवळून लांब चालायचं, मध्येच थांबायचं, हात वर करायचे, कधी गरम पाण्याची बाटली छातीशी धरायची. समोर कॅमेरा असतो. मराठी मंडळात कुणी विचारलं, "तुम्ही कुठं असता?" की मी म्हणतो, "चालतो." लोकांना वाटतं मी चिडलोय.

त्या कॅमेऱ्याचं भिंग तुला दाखवायला हवं होतं. भिंग म्हणजे फुगीर काच असं आपल्याला वाटतं. हे सपाट आहे, टिकलीसारखं, काळपट, चकचकीत. डोळ्याला लावलं तर आरपार काहीच दिसत नाही. पण अंगातून जी ऊब बाहेर पडते, जी आपल्याला दिसत नाही, ती त्यातून सरळ आत जाते. त्या टिकलीवर म्हणे खांब उभे केलेत, इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढं डोंगर वाटावा. ते खांबच ऊब वळवतात. मग पडद्यावर माणसाचं चित्र उमटतं, शेजारी तो किती गरम ते, आणि तो किती लांब उभा आहे तेही. आधी या तीन गोष्टींना वेगवेगळी यंत्रं लागायची, आता ही एक टिकली. अंधारात गाडीपुढं कुणी आलं तर कळावं, आगीच्या धुरात माणूस सापडावा, यासाठी चाललंय सगळं. तिथली मुख्य बाई मला हे समजावते. उंच आहे, सायकलवर येते, दुपारी नुसता ब्रेड आणि चीज खाते. मॅडम म्हटलेलं तिला आवडत नाही, नावानं हाक मार म्हणते. ते माझ्या तोंडातून निघत नाही, म्हणून मी तिला काहीच न म्हणता समोर जाऊन उभा राहतो.

त्या दिवशी तिला हात बघायचे होते. म्हणाली, तळहात कॅमेऱ्यापुढं धर. मी उजवा धरला. पडद्यावर अंगठा आणि शेजारची दोन बोटं दिव्यासारखी पिवळी. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट काळं. सुरीनं छाटल्यासारखं. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी डच पुटपुटली आणि म्हणाली, "भिंगाची कड बिघडली." मग दुपारपर्यंत तेच. भिंग पुसलं, फिरवून बसवलं, दुसरं आणून लावलं. मी आपला हात धरून उभा.

"डावा दाखव."

पाच बोटं.

"आता उजवा."

तीन.

"उजवाच, पण उलटा."

तीन.

ती खुर्ची मागं सारून माझ्याकडं बघत राहिली. पडद्याकडं नाही, माझ्याकडं. "भिंग बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझ्या हाताला काय झालंय?"

मी हसलो. म्हटलं, काही झालेलं नाही, हा माझ्या आईचा हात आहे. तिला चटका बसत नसे, तोच गुण माझ्यात आलाय. आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं तिला सगळं. गणपतीत इथली मंडळी जमतात तेव्हा मी ओव्हनमधला ट्रे हाताच्या कडेनं कसा बाहेर ओढतो, तव्यावरची भाकरी शेवटच्या दोन बोटांनी कशी उलटतो, आणि बायका कशा किंचाळतात, "अहो, भाजेल!" तुझी सून तेव्हा शेजारी उभी राहून सांगते, "सासूबाईंचा हात आहे तो." मला फार भारी वाटायचं, आई. माझ्याकडं शिक्षण नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्या सगळ्या इंजिनिअर लोकांत कुणाकडं नसलेली एक गोष्ट माझ्याकडं होती, आणि ती तुझ्याकडून आली होती.

ती बाई हसली नाही. म्हणाली, "टेबलावर हात दाब. आता उचल." आणि तिनं कॅमेरा टेबलाकडं वळवला.

हात उचलल्यावरही पंजा तिथंच होता. माझ्या हाताची ऊब टेबलावर राहिली होती, पिवळी, तीन बोटांची. आणि मी तो पंजा ओळखला. तो माझा नव्हता. आपल्या खानावळीच्या दारालगत भिंतीवर होता तो पंजा, तुझा. खानावळ सुरू केली त्या दिवशी तू परातीत हळदकुंकू कालवून त्यात हात बुडवलास आणि भिंतीवर दाबलास, आणि उमटली तीन बोटं. हैदराबादच्या लाइनवरचा तो दाढीवाला ड्रायव्हर पुढं एकदा म्हणाला होता, "वहिनी, दोन बोटं उधारीवर ठेवली का?" आणि तू वळून सुद्धा बघितलं नाहीस. "भाकरी थापून थापून वळलीत ती. तुम्ही गिळता ना, त्या भाकरीत गेली. बसा आता गप." अख्खी खानावळ हसली. मीही हसलो. इथं तो पंजा पडद्यावर बघताबघता कडेनं विझत गेला, आधी बोटं, मग तळवा, आणि टेबल परत नुसतं टेबल झालं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी खाली जमिनीवर बसलो.

इथं आधी घरच्या डॉक्टरकडं जावं लागतं, हुइसआर्ट्स म्हणतात त्याला, आणि तो कशालाही पॅरासिटामॉल देतो अशी आम्हा लोकांत थट्टा आहे. त्यानं तेच दिलं. म्हणाला, थंडीनं होतं असं. तुझ्या सुनेनं ऐकलं नाही. परत घेऊन गेली, माझी बाही वर केली आणि कोपराजवळचा फिकट चट्टा त्याच्यापुढं धरला. तो चट्टा मला किती दिवसांपासून होता ते मलाच ठाऊक नव्हतं. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मग मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथला म्हातारा डॉक्टर कधीकाळी आफ्रिकेत काम केलेला. त्यानं माझ्या कोपरामागची शीर चाचपली आणि तुझ्या सुनेचं बोट धरून तिच्यावर ठेवलं. नंतर ती म्हणाली, सुतळीसारखी लागली. मला डोळे मिटायला सांगून तो कापसानं बोटांना शिवत होता. मी वाट बघत होतो कधी सुरू करतो याची. तो म्हणाला, "झालं."

त्यानं एक शब्द उच्चारला, लेप्रा. मला कळला नाही. तुझ्या सुनेला कळला, पण ती काही बोलली नाही. डॉक्टर बराच वेळ बोलत होता, ती मान हलवत होती. आम्ही सायकलवर निघालो. सिग्नलला थांबलो, माझा एक पाय जमिनीवर. मी म्हटलं, "सांग की आता, काय म्हणाला?" तिनं समोरच्या लाल दिव्याकडं बघत सांगितलं, "कुष्ठरोग." दिवा हिरवा झाला. मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली. आम्ही दोघं हललो नाही.

मग तिनंच सगळं नीट सांगितलं. बरा होतो. गोळ्या असतात. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. गेलेली जाणीव परत येईल की नाही ते सांगता येत नाही, पण पुढचं वाचेल. हा रोग अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, बहुतेक लोकांना तर लागतही नाही. लागला तर लहानपणी, रोज खूप जवळ असलेल्या माणसाकडून. डॉक्टरनं विचारलं होतं, घरात असं कुणी होतं का? "मी काय सांगू?" तिनं मला विचारलं. म्हणजे तिथं ती गप्प होती ती यासाठी.

आई, मी तुला कुठून कुठून आठवून बघितलं त्यानंतर. ड्रायव्हर लोकांना बिडी पेटवायला तू चुलीतला इंगळ बोटांनी उचलून द्यायचीस आणि ते टाळ्या वाजवायचे. मी पाचसहा वर्षांचा असेन, तुझं बघून मीही इंगळाला हात घातला होता आणि बोंब मारली होती. तू माझा हात पाण्याच्या बादलीत कोंबलास आणि म्हणालीस, "एवढं काय रे किंचाळायला झालं?" मला वाटलं, माझी आई दगड आहे. पुढं कितीतरी वर्षं ते माझ्या मनात होतं. आता कळतंय की तू खरंच विचारत होतीस. तुला माहीतच नव्हतं किती लागतं ते.

तुझी चप्पल. रस्त्यात तुझ्या पायातनं चप्पल निघून जायची आणि तू एकाच पायात घालून घरी यायचीस. अक्का आणि मी हसून हसून लोळायचो. टपरीच्या पहिल्या पगारात मी तुला मागून पट्टा असलेली सँडल आणली, निदान ही तरी पडणार नाही म्हणून. तू म्हणालीस, "शाळेत घालायचं का मला आता?" पण घातलीस. बक्कल तुला लावता यायचं नाही, बोटं वळलेली. मी सकाळी कामाला निघताना तुझ्यापुढं बसून ते लावायचो. पट्ट्याखाली पाय सोलून निघाला होता, रक्त होतं, आणि तू म्हणायचीस, "छान बसलीय रे." मी किती खूश व्हायचो.

आणि तो दिवस. तू तव्याच्या कडेला हात टेकून समोरच्या दवाखान्यातल्या त्या कंपाउंडरशी बोलत होतीस. तव्यावर भाकरी होती. वास आला तेव्हा कंपाउंडरच म्हणाला, "वैनी, भाकरी करपली बघा." तू भाकरी उचलून बघितलीस, ती चांगली पांढरी होती. मग सगळ्यांचं लक्ष तुझ्या हाताकडं गेलं. तूही बघितलंस त्याच्याकडं. दुसऱ्या कुणाचा तरी हात कुणीतरी आपल्या चुलीवर विसरून गेलंय असं बघितलंस. मग म्हणालीस, "काही नाही, बसा तुम्ही," आणि हळद दाबून पुढची भाकरी थापायला घेतलीस. ती जखम चिघळली, विष अंगात चढलं, आणि सोलापूरच्या दवाखान्यात तू गेलीस. दहाव्याला गावभर एकच बोलणं होतं, केवढी सोशिक बाई, हूं का चूं केलं नाही. मीही तेच सांगत आलोय, आई. तुझ्या सुनेला, इथल्या मित्रांना. माझ्या आईनं फार सोसलं, कुणाला कळू दिलं नाही. आणि आता कळतंय की तू सोसत नव्हतीस. लागतच नव्हतं तुला. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं ते तुझ्या रोगाचं केलं. तो कंपाउंडर रोज तुझ्या हातचं जेवायचा, समोरच्या सरकारी दवाखान्यातनं येऊन. या गोळ्या त्या दवाखान्यात फुकट मिळत होत्या. त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, न दुखणारा न खाजणारा चट्टा असेल तर तपासून घ्या. तुला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी त्या भिंतीला सायकल टेकवायचो.

सगळ्यात अवघड अक्काचं होतं. ती माझ्याआधी तुझ्या कुशीत झोपलेली, माझ्याहून जास्त वर्षं. डॉक्टर म्हणाला, बहिणीला सांगायलाच हवं. मी रविवारी फोन लावला.

"अक्का, तुझ्या हातापायाला मुंग्या येतात का गं?"

"घरात सहा माणसं आणि दोन म्हशी आहेत माझ्या. मुंग्या यायला वेळ कुठाय? बोल की काय ते. बायकोनं हाकललं का?"

मी सांगितलं. मध्येच तिनं तिकडं दार लावून घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाली, "तोंड सांभाळ. आई आहे ती."

"म्हणूनच सांगतोय."

"मेलेल्या माणसाला असला रोग चिकटवायला परदेशात गेलास का? हे इथं कळलं तर माझं काय होईल, आहे का अक्कल? पोरींचं काय होईल?"

"अक्का, कुणाला सांगू नको. फक्त दाखवून ये. बरा होतो तो."

"माझ्या आईला काही नव्हतं," ती म्हणाली, "सासूबाई आल्या, ठेवते." त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही. मी कामावर जायचो, लांबून जवळ चालायचो, जवळून लांब चालायचो. पडद्यावर माझं अंतर दिसायचं. मला वाटायचं, हे भिंग तिकडं वळवून अक्काला एकदा त्याच्यापुढं उभं करता आलं असतं तर. तुझी सून म्हणायची, परत सांग. मी म्हणायचो, ती माझं ऐकायची नाही. मग एका दुपारी अक्काचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. मागं एसटी स्टँडचा गोंगाट. "पोरींना शाळेच्या वह्या आणायला नेते म्हणून निघाले घरातनं. गुडघ्यामागं एक चट्टा आहे मला. तीन वर्षं नायटा म्हणून मलम चोळत होते. दवाखान्यात त्यांनी टोचून बघितलं, कळलं नाही मला. लवकर आलात म्हणाले, हातपाय वाचतील. गोळ्या दिल्यात. पोरींना पण तपासलं, दोघी बऱ्या आहेत." मग म्हणाली, "आईला कुणी टोचून का नाही रे बघितलं?" तेवढंच. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

डॉक्टरच्या प्रश्नाला मी शेवटी हो म्हटलं. आई होती, म्हटलं. त्यानं मान हलवली आणि ते लिहून घेतलं. कामावरच्या बाईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, संपली नोकरी. तिनं कंपनीच्या डॉक्टरशी बोलून सगळं विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडून हात पुढं केला, उजवा. मी माझा दिला. मग म्हणाली, "चल, लांबच्या पट्टीवर उभा राहा."

तुझ्या सुनेनं मला जाड हातमोजे आणलेत, ओव्हनसाठी असतात तसले, त्यावर काळ्यापांढऱ्या गाई. डॉक्टरनं बजावलंय, गरम काहीही उघड्या हातानं धरायचं नाही, रोज हातपाय डोळ्यांनी तपासायचे, कारण बोटं सांगणार नाहीत. मी तपासतो. गोळ्या चुकवत नाही. गणपतीत यंदा ट्रे दुसऱ्या कुणीतरी काढला, कुणीतरी म्हणालंसुद्धा, "काय हो, हात कुठं गेला तुमचा?" आणि तुझी सून पटकन म्हणाली, "सुट्टीवर आहे."

हे कागद कुठं पाठवायचे म्हणून मी लिहिलेले नाहीत. पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती तुझ्या सुनेलाही सांगितलेली नाही. गेल्या रविवारी ती बाजारात गेली होती. मी ज्वारीची भाकरी टाकली. उलटायची वेळ झाली तेव्हा गाईंचा मोजा काढून ठेवला आणि शेवटच्या दोन बोटांनी ती उचलली, तुझ्यासारखी, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. बरा होत असेन तर भाजेल, असं मनाशी म्हणत होतो. नाही भाजलं. आणि खरं सांगतो आई, वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरं वाटलं. मग मी नळाखाली हात धरला, बोटं उजेडात नेऊन नीट बघितली, आणि मोजा परत घातला.